बुद्धिबळाच्या पटावरील दोन शिक्षक

शाळेतील मुलांना आवडता खेळाडू कोण, असे विचारले असता ज्याने सर्वांत अधिक सामने जिंकले त्याचेच नाव बहुधा पुढे येते. यात मुलांचा दोष नाही. विजय डोळ्यांना दिसतो, त्याची वार्ता कानी पडते आणि विजेत्याच्या गळ्यातील हार पाहून बालमन हरखून जाते. परंतु खेळाडूच्या ठिकाणी खरोखर आदरणीय काय असते, हे केवळ विजयांच्या संख्येवरून ठरत नाही. ते ओळखण्याची दृष्टी मुलांना आपोआप येत नसते. ती द्यावी लागते. शिक्षक ज्या गुणाची वर्गात प्रशंसा करतो तो गुण अंगी आणण्याचा मुले प्रयत्न करतात, हा नित्याचा अनुभव आहे. म्हणून खेळाडूंच्या कथा सांगताना कोणाची स्तुती करावयाची आणि कशासाठी करावयाची, याचा विचार शिक्षकाने आधीच करून ठेवणे इष्ट होय.

बुद्धिबळाच्या इतिहासात या दृष्टीने अभ्यास करण्याजोगी उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी दोन व्यक्ती प्राथमिक शिक्षकांस विशेष जवळच्या वाटतील. कारण त्या दोघांचाही पेशा शिक्षकाचा होता. एक जर्मनीतील अडोल्फ अँडरसन आणि दुसरे हॉलंडमधील मॅक्स युवे. दोघेही शाळेत गणित शिकवीत. दोघांनीही आपापल्या काळात जगातील श्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला आणि पुढे दोघांचाही मोठ्या सामन्यांत पराभव झाला. त्यांच्या विजयांची नोंद तर झालीच. परंतु पराभवाच्या वेळी ते जसे वागले, त्यामुळे त्यांची नावे आजही आदराने घेतली जातात.

सबबीला जागा नसलेला खेळ

बुद्धिबळातील हार इतर खेळांतील हारीपेक्षा अधिक का झोंबते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. सारीपाटात मनाजोगते दान पडावे लागते. पत्त्यांच्या डावात चांगली पाने हाती यावी लागतात. खो-खो किंवा हुतूतूसारख्या सांघिक खेळात एखाद्याची चूक दुसरा सावरून घेतो आणि पराभव झाला तर त्याचा भार सर्वांमध्ये वाटला जातो. बुद्धिबळात यांपैकी काहीच नाही. चौसष्ट घरांचा पट दोघांच्याही डोळ्यांसमोर उघडा असतो. दोघांकडेही सारखीच सोळा मोहरी असतात. फाशांचे दान नाही, झाकलेले पान नाही, सोबतीला भिडू नाही. पांढऱ्या मोहऱ्यांना पहिली चाल मिळते, एवढाच काय तो फरक. आणि पुढच्या डावात रंग बदलला की तोही भरून निघतो.

असे असल्यामुळे हरणाऱ्याला आपला पराभव दैवावर किंवा इतरांवर ढकलता येत नाही. आपली कोठेतरी चूक झाली, किंवा समोरच्याने आपल्याहून अधिक खोलवर पाहिले, हे दोनच निष्कर्ष निघू शकतात. आणि दोन्ही मनाला कडू लागतात. मग लहान मूल पट उधळून देते, 'माझे लक्षच नव्हते' असे म्हणते, किंवा 'तू मध्ये बोललास म्हणून चुकलो' अशी तक्रार करते. मोठ्या माणसांच्या सबबी अधिक शहाणपणाच्या दिसतात, इतकेच. प्रकृती बरी नव्हती, सराव सुटला होता, दिव्याचा उजेड पुरेसा नव्हता, अशी कारणे थोरथोर खेळाडूंनीही पुढे केलेली आहेत. या पार्श्वभूमीवर अँडरसन यांचे वर्तन पाहण्यासारखे आहे.

ब्रेस्लाऊचे गणितशिक्षक

अडोल्फ अँडरसन यांचा जन्म १८१८ साली ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर त्या वेळी प्रशिया राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. अँडरसन यांचे जवळजवळ सर्व आयुष्य याच शहरात गेले. त्यांनी लग्न केले नाही. आई व बहीण यांच्यासह ते राहत आणि तेथील माध्यमिक शाळेत गणित व जर्मन भाषा शिकवीत. त्यांचे जीवन इतके साधे व नियमित होते की, जगातील एक श्रेष्ठ खेळाडू आपल्या शेजारी राहतो, हे त्यांच्या दिनक्रमावरून कोणाच्या ध्यानातही आले नसते.

१८५१ साली लंडन येथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्याच सुमारास हॉवर्ड स्टॉन्टन या प्रसिद्ध इंग्रज खेळाडूच्या पुढाकाराने पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरविण्यात आली. अँडरसन यांना निमंत्रण आले. परंतु एवढा लांबचा प्रवासखर्च शिक्षकाच्या मिळकतीत कसा भागवावा, या विचाराने ते कचरले. तेव्हा, त्यांना बक्षीस न मिळाल्यास प्रवासाचा खर्च आपण सोसू, असे आश्वासन स्टॉन्टन यांनी दिले. अँडरसन लंडनला गेले. सोळा खेळाडूंच्या त्या स्पर्धेत त्यांनी खुद्द स्टॉन्टन यांना हरविले आणि पहिला क्रमांक मिळविला. खर्च सोसण्याचा प्रसंग स्टॉन्टन यांच्यावर आला नाही. आला तो आपल्याच पाहुण्याकडून हरण्याचा.

याच मुक्कामात अँडरसन यांनी स्पर्धेबाहेर, केवळ करमणुकीसाठी, लिओनेल किझेरित्स्की या खेळाडूशी एक डाव खेळला. त्यात त्यांनी एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेरीस वजीरही बळी दिला आणि उरलेला एक उंट व दोन घोडे यांच्या साहाय्याने तेविसाव्या चालीस मात केली. आपल्याजवळचे मौल्यवान ते सर्व देऊन टाकून राजाला कोंडीत पकडणारा हा डाव पुढे 'अमर डाव' या नावाने प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर नवशिक्यांना दाखविला जातो. परंतु या डावाच्या कथेत शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे. हा डाव पॅरिसच्या खेळाडूंना प्रथम कळविला तो हरलेल्या किझेरित्स्की यांनीच. आपण हरलो ही गोष्ट झाकून ठेवणे त्यांना सहज शक्य होते. करमणुकीच्या डावाची नोंद कोण ठेवतो? परंतु डावातील सौंदर्याने ते इतके भारावले की, आपल्या पराभवाची वार्ता त्यांनी आपणच दिली आणि तो डाव त्यांच्याच फ्रेंच मासिकात छापून आला. अमर डाव अमर झाला, त्याचे काही श्रेय हरणाऱ्याकडेही जाते.

लंडनहून परतल्यावर अँडरसन पुन्हा आपल्या वर्गात गणित शिकवू लागले. सात वर्षांनी त्यांची खरी कसोटी लागली. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील पॉल मॉर्फी हा अवघ्या एकवीस वर्षांचा तरुण १८५८ साली युरोपात आला आणि एकामागून एक नामवंतांना हरवू लागला. स्टॉन्टन यांच्याशी सामना व्हावा, अशी त्याची फार इच्छा होती. परंतु वाटाघाटी लांबत गेल्या आणि तो सामना कधीच झाला नाही. अँडरसन यांनी मात्र टाळाटाळ केली नाही. शाळेच्या कामामुळे नाताळच्या सुट्टीपूर्वी त्यांना ब्रेस्लाऊ सोडता येत नव्हते. सुट्टी लागताच चाळीस वर्षांचे हे शिक्षक पॅरिसला निघाले. गेली काही वर्षे तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळण्याची संधी त्यांना क्वचितच मिळाली होती आणि मान राखण्यासाठी मॉर्फीनेच जर्मनीस यावे, असा हट्टही त्यांना धरता आला असता. तसे त्यांनी केले नाही.

सामन्यात मॉर्फीने सात डाव जिंकले, अँडरसन यांनी दोन, आणि दोन बरोबरीत सुटले. एवढ्या मोठ्या फरकाने हरल्यावर सराव सुटल्याची सबब अँडरसन यांना सांगता आली असती व ती कोणी खोटीही म्हटली नसती. परंतु मॉर्फी आपल्याहून बलवान आहे व त्याचा विजय योग्यच आहे, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पूर्वीसारखे चमकदार डाव तुम्ही मॉर्फीविरुद्ध का खेळला नाहीत, असे कोणी विचारले तेव्हा, 'तो खेळू देत नाही' असे उत्तर त्यांनी दिले, अशी आख्यायिका आहे. प्रतिस्पर्ध्याची याहून नेमकी स्तुती करणे कठीण आहे.

या पराभवाने ते खचले मात्र नाहीत. १८६२ साली लंडन येथे झालेल्या स्पर्धेत त्यांनी तेरा डावांपैकी बारा जिंकून पुन्हा पहिला क्रमांक मिळविला आणि १८७० साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, बाडेन-बाडेन येथील बलाढ्य स्पर्धेतही ते पहिले आले. त्या दोन विजयांच्या दरम्यान, १८६६ साली, विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी त्यांना आठ विरुद्ध सहा डावांनी हरविले होते. योहान्स झुकरटॉर्ट हा ब्रेस्लाऊ येथेच त्यांच्या सहवासात तयार झालेला शिष्य. १८६८ साली गुरूंनी शिष्यावर सहज विजय मिळविला. १८७१ साली तोच शिष्य पाच विरुद्ध दोन डावांनी गुरूंवर विजयी झाला. शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडे पूर्वापार मानले जाते. १८८६ साली जगज्जेतेपदाचा पहिला अधिकृत सामना झाला, तेव्हा पटाच्या दोन बाजूंस बसलेले स्टाइनिट्झ व झुकरटॉर्ट हे दोघेही अँडरसन यांच्याशी खेळून व त्यांना हरवून पुढे आलेले होते. तो दिवस पाहावयास अँडरसन हयात नव्हते. १८७९ साली त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या निधनानंतर स्टाइनिट्झ यांनी मृत्युलेख लिहिला. स्टाइनिट्झ हे भांडखोर स्वभावाबद्दल प्रसिद्ध होते व कोणाची वृथा स्तुती करणे हा त्यांचा धर्म नव्हता. अशा माणसाने अँडरसन यांच्या सचोटीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. खेळाडूंमध्ये वाद उत्पन्न झाला असता अँडरसन यांचा शब्द प्रमाण मानला जाई. कारण ते प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनेही तितक्याच सहजतेने निर्णय देत, असे त्यांनी नमूद केले आहे. पटावरील यशापेक्षा असा विश्वास मिळविणे किती दुष्कर आहे, हे वर्गातील मुलांची भांडणे रोज मिटविणाऱ्या शिक्षकांना सांगावयास नको.

ॲमस्टरडॅमचे शिक्षक

मॅक्स युवे यांचा जन्म १९०१ साली ॲमस्टरडॅमजवळ झाला. गणिताचा अभ्यास करून त्यांनी १९२६ साली डॉक्टरेट मिळविली आणि ॲमस्टरडॅम येथील मुलींच्या शाळेत ते गणित शिकवू लागले. बुद्धिबळ हा त्यांनी उदरनिर्वाहाचा व्यवसाय केला नाही. शाळेचे काम सांभाळून, मुख्यतः सुट्ट्यांमध्ये ते स्पर्धा खेळत. गणित व बुद्धिबळ यांची सांगडही त्यांनी घातली होती. त्या काळच्या एका नियमानुसार, चालींचा तोच क्रम लागोपाठ तीनदा आल्यास डाव बरोबरीत सोडविला जाई. एवढ्याने प्रत्येक डाव कधी तरी संपेलच काय, असा प्रश्न युवे यांनी घेतला आणि तो नियम पाळूनही डाव अनंतकाळ चालू ठेवता येतो, असे १९२९ साली गणिताने सिद्ध करून दाखविले.

त्या वेळी जगज्जेतेपद अलेक्झांडर अलेखिन यांच्याकडे होते. अलेखिन यांची प्रतिभा अलौकिक होती. १९२७ साली त्यांनी क्यूबाचे होसे राउल कॅपाब्लांका यांना हरवून हे पद मिळविले होते. कॅपाब्लांका यांनी परतफेडीच्या सामन्याची मागणी वारंवार केली. अटींवरून वाद होत राहिले आणि तो सामना कधीही झाला नाही. १९३५ साली अलेखिन यांनी युवे यांच्याशी सामना खेळण्याचे मान्य केले, तेव्हा जगज्जेता एका शाळाशिक्षकाकडून हरेल, असे फार थोड्यांना वाटले असेल.

सामना तीस डावांचा होता व तो हॉलंडमधील निरनिराळ्या गावी खेळला गेला. प्रारंभीच्या डावांत अलेखिन तीन गुणांनी पुढे गेले. अशा वेळी सामान्य खेळाडू एक तर धीर सोडतो, नाही तर पिछाडी एकदम भरून काढण्यासाठी अविचारी धाडस करतो. युवे यांनी दोन्ही केले नाही. त्यांची तयारी पद्धतशीर होती. प्रकृती उत्तम राहावी म्हणून ते नियमित व्यायाम करीत आणि प्रत्येक डावानंतर शांतपणे आपल्या चुका तपासीत. हळूहळू अंतर कमी झाले. अखेरीस नऊ विजय, आठ पराभव व तेरा बरोबरीचे डाव, म्हणजे साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा गुणांनी, युवे जगज्जेते झाले. एका गुणाचा हा फरक तीस डावांच्या चिकाटीतून निर्माण झालेला होता.

पुढचा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. परतफेडीचा सामना देण्याचे युवे यांनी कबूल केले होते. अलेखिन यांनी कॅपाब्लांकांना जे दिले नाही, तेच अलेखिन यांना देणे युवे यांना भाग होते. शब्द पाळल्यास पद जाण्याचा धोका उघड होता. युवे यांनी शब्द पाळला. १९३७ साली सामना झाला. पंचवीस डावांत अलेखिन यांनी दहा जिंकले, चार हरले व अकरा बरोबरीत सुटले. दोन वर्षांपूर्वी मिळविलेले जगज्जेतेपद युवे यांच्या हातून गेले व पुन्हा कधी आले नाही. ते टिकविण्यासाठी त्यांनी एखादी पळवाट शोधली असती, तर इतिहासात त्यांच्या नावापुढे दोनऐवजी कदाचित अधिक वर्षे लिहिली गेली असती. परंतु त्या वर्षांना मोल राहिले नसते.

१९४६ साली अलेखिन जगज्जेते असतानाच निधन पावले. तेव्हा हयात असलेले एकमेव माजी जगज्जेते युवे हेच होते व ते पद त्यांच्याकडे सोपवावे, अशी सूचनाही पुढे आली होती. तथापि शेवटी १९४८ साली हेग व मॉस्को येथे पाच खेळाडूंची स्पर्धा घेऊन निर्णय झाला. त्या स्पर्धेत मिखाइल बॉटविनिक पहिले आले. युवे यांना वीस डावांत अवघे चार गुण मिळाले व ते शेवटच्या क्रमांकावर राहिले. एके काळच्या जगज्जेत्याला हे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. परंतु यानंतर ते खेळाकडे पाठ फिरवून बसले नाहीत. ते खेळत राहिले, लिहीत राहिले. नवशिक्यांपासून जाणकारांपर्यंत सर्वांसाठी त्यांनी सत्तरहून अधिक पुस्तके लिहिली. कठीण विषय पायरीपायरीने समजावून देण्याची शिक्षकाची हातोटी त्या पुस्तकांत दिसून येते.

१९७० ते १९७८ या काळात युवे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते. १९७२ साली आइसलँडमधील रेक्याविक येथे बोरिस स्पास्की व बॉबी फिशर यांचा जगज्जेतेपदाचा सामना ठरला असता फिशर वेळेवर पोहोचलेच नाहीत. नियमाप्रमाणे सामना रद्द होण्याची वेळ आली. युवे यांनी दोन दिवसांची मुदत वाढवून दिली आणि सामना पार पडला. सोव्हिएत पक्षाने याविरुद्ध तक्रार करताच, आपल्याकडून नियमाचा भंग झाला, हे युवे यांनी मान्य केले. अधिकारपदावर असताना 'माझे चुकले' असे म्हणणे हे पटावर राजा आडवा करून हार कबूल करण्याहूनही अवघड असते.

मुलींचे स्थान

पटावरील मोहऱ्यांना समोर कोण बसले आहे हे कळत नाही; परंतु माणसांना ते कळते व त्यातून अन्याय घडतो. १९२९ साली कार्ल्सबाड येथील मोठ्या स्पर्धेत व्हेरा मेंचिक या महिलेला प्रवेश मिळाला. त्या १९२७ पासून महिलांच्या जगज्जेत्या होत्या. पुरुषांच्या पंक्तीत एका स्त्रीने बसावे, ही गोष्ट काहींना हास्यास्पद वाटली. व्हिएन्नाचे अल्बर्ट बेकर यांनी थट्टेने असे सुचविले की, जो कोणी मेंचिकबाईंकडून हरेल त्याला 'व्हेरा मेंचिक मंडळा'चे सभासद करून घ्यावे. लवकरच स्वतः बेकर त्यांच्याकडून हरले आणि त्या मंडळाचे पहिले सभासद ठरले. पुढे या मंडळात अनेक नामवंतांची भर पडली. त्यांत मॅक्स युवेही होते. हेस्टिंग्ज येथील स्पर्धांत ते मेंचिक यांच्याकडून दोन वेळा हरले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, लंडनवरील बाँबहल्ल्यात मेंचिक, त्यांची आई व बहीण यांचा एकाच वेळी अंत झाला. तोपर्यंत महिलांचे जगज्जेतेपद त्यांच्याकडेच होते.

मुलींच्या शाळेत शिकविलेल्या व एका स्त्रीकडून हरलेल्या या माजी जगज्जेत्याचा महाराष्ट्राशी संबंध आला तो १९७६ साली. मुंबईच्या खाडिलकर भगिनींचे नाव त्या काळी भारतीय बुद्धिबळात गाजत होते. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली होती आणि त्यानंतर जवळजवळ दशकभर ते विजेतेपद वासंती, जयश्री व रोहिणी या भगिनींनीच आपल्याकडे राखले. १९७६ साली रोहिणी खाडिलकर यांनी राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत भाग घेतला. त्या वेळी त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. या स्पर्धेत खेळणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यावरून वादळ उठले व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला; आणि राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना प्रवेश नाकारता येणार नाही, असा निर्णय जागतिक महासंघाचे अध्यक्ष या नात्याने मॅक्स युवे यांनी दिला. रोहिणी खाडिलकर पुढे १९८१ व १९८३ साली आशियाई महिला विजेत्या झाल्या.

त्या निर्णयानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, जुलै २०२५ मध्ये, नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर भारताच्याच कोनेरू हंपी होत्या. या विजयाबरोबर दिव्या यांना ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. हंपी यांना तो २००२ साली, भारतीय महिलांमध्ये सर्वप्रथम मिळाला होता. महाराष्ट्रातील शाळेच्या ओसरीवर पट मांडून बसलेल्या मुलीला 'हा मुलांचा खेळ आहे' असे यापुढे कोणीही म्हणू नये, याची जबाबदारी शिक्षकांकडे येते.

शाळेत हा खेळ कसा घ्यावा

वरील चरित्रे केवळ गोष्टी म्हणून सांगितली, तर मुले ती ऐकतील व विसरतील. खेळाच्या जोडीने सांगितली, तर ती आचरणात उतरतील. त्या दृष्टीने पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. साहित्यासाठी खर्चाची आवश्यकता नाही. जाड पुठ्ठ्यावर आठ गुणिले आठ अशी चौसष्ट घरे मुलांकडूनच आखून व रंगवून घ्यावीत. भूमितीचा पाठही त्यातच होतो. मोहरी मातीची करून भाजता येतात, किंवा पुठ्ठ्याच्या चकत्यांवर चित्रे काढून काम भागते.

२. गावातील वडीलधारी मंडळी जुन्या देशी पद्धतीने खेळत असल्यास नियमांतील फरक मुलांना समजावून सांगावा. जुन्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीसही एकच घर पुढे जाई व राजाला एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्यादे पहिल्या चालीस दोन घरे जाऊ शकते आणि राजा व हत्ती यांचा किल्लेकोट करता येतो. वडीलधाऱ्यांची पद्धत चुकीची आहे, असे मात्र सांगू नये. ती निराळी आहे, एवढेच सांगावे.

३. हात लावलेले मोहरे चालविलेच पाहिजे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. आपल्या कृतीची जबाबदारी घेण्याचा हा सर्वांत सोपा पाठ आहे. लहानांना दया म्हणून चाल परत घेऊ देण्याची सवय लावल्यास ती पुढे मोडणे कठीण जाते.

४. डाव संपताच पट आवरू देऊ नये. दोघांनीही हस्तांदोलन किंवा नमस्कार करावा व डावातील महत्त्वाची स्थिती पुन्हा मांडावी. प्रथम जिंकणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याची सर्वांत चांगली चाल कोणती ते सांगावे. नंतर हरणाऱ्याने आपला डाव कोठे बिघडला ते दाखवावे. किझेरित्स्की व अँडरसन यांची कथा सांगण्याची जागा हीच. ज्याने आपली चूक नेमकी शोधून काढली, त्याची प्रशंसा जिंकणाऱ्याइतकीच व सर्वांदेखत करावी.

५. शिक्षकाने स्वतः मुलांबरोबर खेळावे आणि हरल्यास ते स्पष्ट शब्दांत मान्य करावे. मुद्दाम हरू नये. मुलांना ते चटकन कळते. परंतु खरोखर हार झाली असता 'माझे लक्ष नव्हते' असे शिक्षक म्हणाला, तर मुले दुसऱ्याच दिवसापासून तेच म्हणू लागतील.

६. मुले व मुली यांच्या जोड्या वेगळ्या लावू नयेत. ज्यांचा खेळ सारखा त्यांना एकत्र बसवावे. मुलीकडून हरलेल्या मुलाची थट्टा होऊ लागल्यास बेकर यांच्या मंडळाची गोष्ट वर्गाला सांगावी. ती हसत हसत ऐकली जाते व मनात राहते.

७. खेळाचा वेळ ठरवून द्यावा. बुद्धिबळाच्या नादात अभ्यास व मैदानी खेळ मागे पडू देऊ नयेत. शाळेचे काम सांभाळून अँडरसन व युवे यांनी केवढी मजल मारली, हे मुलांना व पालकांनाही सांगता येईल.

प्रत्येक शाळेतून जगज्जेता निघणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. वर्गातील बहुसंख्य मुले पुढे शेती करतील, कारखान्यात किंवा कचेरीत काम करतील, व्यापार करतील. प्रत्येकाच्या आयुष्यात केव्हा ना केव्हा पीक बुडेल, परीक्षेत अपयश येईल, किंवा बरोबरीचा माणूस पुढे निघून जाईल. त्या वेळी काही जण दोष इतरांवर टाकतील आणि काही जण आपले कोठे चुकले ते शांतपणे पाहून पुन्हा कामाला लागतील. दुसऱ्या प्रकारच्या माणसांची संख्या वाढावी, यासाठी शाळेच्या ओसरीवर आठवड्यातून दोन तास पट मांडणे हा फार मोठा खर्च नव्हे. मुलांना आवडते खेळाडू निवडू द्यावेत. मात्र ते खेळाडू हरले तेव्हा कसे वागले, हा प्रश्न त्यांना नेहमी विचारावा.